तिसाव्या दिवसाची सही

प्रमिले,

रेशनकार्डावरून तुझं नाव कमी करायला काल मीच गेलो. संगीता म्हणत होती, "बाबा, मी मुलुंडहून येते, तुम्ही नका जाऊ." मी म्हटलं, "लग्न करून आणली तेव्हा नाव मी घातलं होतं. काढायलाही मीच जाणार." तुझ्याच त्या बटणाच्या फोल्डरमध्ये कागद घातले, मृत्यूचा दाखला सगळ्यात वर ठेवला आणि अकरा वाजता खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो.

खिडकीतल्या माणसाने कागद ओढला, नाव वाचलं आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. गो, एवढं आयुष्य गेलं, सरकारी ऑफिसात उभं राहायचं ते आपण. माझ्यासमोर कोणी उठलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं जेवायला निघाला.

"प्रमिलामावशी?" तो म्हणाला. "आमच्या मावशी?"

"माझी बायको," मी म्हटलं.

"हो काका, त्याच. आमच्या मावशी."

खोटं कशाला लिहू, मला रागच आला. एकोणतीस दिवस गेलीस त्या ऑफिसात आणि हा तुला आमची म्हणतो. मी बेचाळीस वर्षं काय केलं मग?

तो जाधव. तू घरी आल्यावर ज्याच्या गोष्टी सांगायचीस तो. त्याने डोळे पुसले आणि पुढचं वाक्य काय बोलावं? "काका, तुमची छाती कशी आहे आता?"

मला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, ते लिहायलाच बसलोय.

तुझ्या अभ्यासकेंद्राच्या मॅडमनी त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली. तुझ्याच वहीची उरलेली पानं वापरतोय. शुद्धलेखन संगीता बघणार आहे, शब्द माझेच राहतील असं कबूल करून घेतलंय. ऑफिस कुठलं ते लिहू नका म्हणाली, तर नाही लिहीत. तू कधी जन्मलीस, किती शिकलीस, मागे कोण कोण आहे, ते सगळं दहाव्याच्या दिवशी फळ्यावर लिहून झालं. मला ते लिहायचं नाही.

लग्नात तू आठवी पास होतीस आणि मी चौथीत सोडलेली. तुझं शिक्षण माझ्या दुप्पट, हे मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. पुढे संगीताचं लग्न झालं आणि तू म्हणालीस, मी पूर्वपरीक्षा देऊन बाहेरून कॉलेज करते. मी हसलो. तू केलंस. तांदळाच्या डब्यावर पुस्तक ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत तिसऱ्या वर्षापर्यंत आलीस. तोवर मी काही बोललो नव्हतो. मग ती इंटर्नशिप निघाली.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"तीस दिवस सरकारी ऑफिसात जाऊन काम शिकायचं. मग साहेब सही देतात. तेव्हाच पास."

"एकसष्टाव्या वर्षी सरकारी नोकरी?"

"नोकरी नाही हो. शिकाऊ."

"मग तर झालंच. फुकट राबायचं. संगीतापेक्षा लहान पोरं तुला चहा आणायला पाठवतील."

"पाठवू देत. चहा मला चांगला येतो."

"खुर्ची तरी देतील का तुला?"

भाकरी उलटलीस फक्त.

पहिल्या दिवशी आलीस तेव्हा दारातच विचारलं, "मिळाली खुर्ची?" तू म्हणालीस, "मिळाली की." आणि पाय चेपत बसलीस. खुर्चीवर बसून आलेल्या बाईचे पाय कशाला दुखतील, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. चौथ्या दिवशी मोरीतलं निळं स्टूल गायब. माझं आंघोळीचं स्टूल. मी घर डोक्यावर घेतलं. तू म्हणालीस, "मोडलं. भंगारवाल्याला दिलं. आणते दुसरं." आणलं नाहीस. मीही हट्टाला पेटून आणलं नाही. महिनाभर उभ्याने आंघोळ केली आणि रोज बाहेर येऊन बडबडलो.

स्टूल काल सापडलं, प्रमिले. खिडकीच्या बाहेर, लोक उभे राहतात त्या बाजूला, भिंतीशी. पायाला मी चिकटवलेली चिकटपट्टी तशीच. जाधव सांगत होता, ऑफिसात शिकाऊ लोकांना बसायला जागाच नाही. पहिले तीन दिवस मावशी कपाटाला टेकून उभ्या होत्या. चौथ्या दिवशी पिशवीतून हे स्टूल काढलं. ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, आत या, कशीतरी जागा करू. तर तू म्हणालीस, "आत नको. बाहेर बसते. लोक बाहेर आहेत."

मला वाटायचं, ऑफिसात जाऊन तू साहेबीण होशील. तू खिडकीच्या आपल्या बाजूलाच बसलीस.

तिथे रोज काय चालायचं ते तू सांगायचीस आणि मी टीव्ही बघत हं हं करायचो. पण ऐकायचो, हे तुला ठाऊक नव्हतं. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटला नाही की दुकानदार म्हणतो ऑफिसात जा. ऑफिस म्हणतं दुकानात जा. म्हातारी माणसं मध्ये कार्ड घेऊन फिरतात. एकदा तू आल्या आल्या माझा हात पकडलास, ट्यूबलाइटखाली नेलास, चष्मा लावून बघत बसलीस.

"ज्योतिषी झालीस काय? ऑफिसात हेच शिकवतात?"

"तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत हो," तू म्हणालीस. "एवढी वर्षं झाली, मला आज दिसलं."

कुठून असणार रेषा? मरोळच्या गाळ्यात तेहतीस वर्षं बफिंगच्या चाकावर पितळेचे नळ चकाकवले. नळ चकाकले, बोटं घासली गेली. मी हात सोडवून घेतला. पण तू अंगठा धरून ठेवलास, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं की चष्मा खराब होता ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरातला थर्मास पण गेला. कोमट पाण्यात हात पाच मिनिटं बुडवायचा, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपायचा, मग आतून जाधवने मशीन पुढे सरकवायचं आणि एकेक करून दहाही बोटं लावून बघायची. अंगठाच पाहिजे असं मशीनने कुठे सांगितलंय, तू म्हणायचीस. कुठलंतरी एक बोट लागायचंच. लागलं की चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून कार्डाच्या आतल्या बाजूला चिकटवायचीस. 'उजवा हात, मधलं बोट.' म्हणजे पुढच्या वेळी दुकानात सगळी बोटं लावत बसायला नको, मागच्यांच्या शिव्या खायला नकोत. मलाही एकदा दुकानात ओढत नेलंस. माझी डाव्या हाताची करंगळी लागली. मशीन पीं करून ओरडलं तेव्हा तू अशी टाळी वाजवलीस की दुकानदार दचकला. मी म्हटलं, "करंगळी लागली तर एवढं काय?" तू म्हणालीस, "सरकारला तुम्ही सापडलात."

ज्यांचं एकही बोट लागत नव्हतं त्यांचं काय करायचं, याचा नियम तूच फायलीतून शोधून काढलास म्हणे. नियम होता, कपाटात होता. मॅडमनी मला स्वतः सांगितलं, "काका, तो कागद आम्हाला माहीत होता, पण वापरायची सवय गेली होती. मावशी रोज सकाळी तो माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या. काही बोलायच्या नाहीत. नुसता ठेवायच्या." मी म्हटलं, "घरी पण असंच करायची. विजेचं बिल." त्या हसल्या. मला बरं वाटलं.

आता त्या शुक्रवारचं लिहितो.

तिसावा दिवस होता. तू मोरपंखी साडी काढलीस. नारळाच्या वड्या केल्यास, डब्यात भरल्यास, मध्ये कागद घातलास चिकटू नयेत म्हणून. मॅडम सही देणार होत्या. मी पेपर बघत होतो. तू समोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चला ना तुम्ही पण. सगळ्यांना भेटवते."

तुला वाटलं असेल, हा खुश होईल. मी पेपर तोंडापुढे धरला. तिथे शिकलेली माणसं. ती विचारणार, काका, तुम्ही काय करायचात, कितवी शिकलात. आणि तू मध्ये उभी, सगळे मावशी मावशी करणार. नको म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस आणि मला सांगता आलं नसतं. म्हणून मी छातीवर हात ठेवला.

"दुखतंय," मी म्हटलं.

काही दुखत नव्हतं, प्रमिले. कुठेच दुखत नव्हतं. हे मी अजून संगीतालाही सांगितलं नव्हतं. आता हे वाचताना तिला कळेल.

तू डबा खाली ठेवलास. ऑफिसात फोन केलास, "यांची छाती दुखतेय, सोमवारी येते." कोपऱ्यावरच्या डॉक्टरला बोलावलंस. त्याने ईसीजीची पट्टी काढली, काही नाही म्हणाला, तरी तू हलली नाहीस. मोरपंखी साडीतच दिवसभर बसलीस आणि माझ्या छातीला बाम चोळलास. संध्याकाळी मला भूक लागली. डबा समोरच होता. मी तीन वड्या खाल्ल्या. तू बघत होतीस.

"दुखणं उतरलं वाटतं," तू म्हणालीस.

"जरा बरं आहे."

"खा. मी परत करीन."

रविवारी दुपारी तू मेथी निवडत होतीस. "अहो, जरा पाणी द्या," म्हणालीस. मी म्हटलं, "उठ की, तुझ्या शेजारीच मोरी आहे." मग तू काही बोलली नाहीस म्हणून मी वळून बघितलं. छाती तुझी बंद पडली होती. मी खोटी सांगितली, ती तुझी खरी झाली. डॉक्टर म्हणतात दोन्हींचा काही संबंध नाही, त्यांना बरंच काही ठाऊक नसतं. मला एवढं कळतं की शुक्रवारी तू तुझ्या साडीत, तुझ्या लोकांत, सही घेऊन घरी आली असतीस. तो दिवस मी खाल्ला. वड्यांबरोबर खाल्ला.

तर काल जाधवने मला आत नेलं. मॅडमनी खुर्ची दिली. त्यांना काही कळलंच नव्हतं. सोमवारी तू आली नाहीस, फोन लागला नाही. लागणार कसा, तो मी कपाटात टाकला होता, बॅटरी संपून पडलाय. मॅडमनी तुझा हजेरीचा तक्ता काढला. तीस घरं. एकोणतीस घरांत तुझी सही, तिरकी, 'प्रमिला' मधला ला लांब ओढलेला. बाजूला वेळ लिहिलेली. एका दिवशी '१०.४०'. मला आठवलं, त्या दिवशी मी गरम भाकरीच पाहिजे म्हणून तुला थांबवलं होतं. जाधव म्हणाला, "मी सांगितलं मावशींना, दहाच लिहा, कोण बघतंय. तर म्हणाल्या, मी बघतेय ना."

तिसावं घर कोरं होतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, एका दिवसाचा प्रश्न आहे. मी हजर लिहिते आणि दाखल्यावर सही करते. कॉलेजात द्या. त्यांना पदवी मिळायलाच पाहिजे." पेनचं टोपण काढलंसुद्धा.

खरं सांगतो, जीभ हो म्हणायला निघाली होती. तुझा फोटो, शेजारी पदवीचा कागद, भिंतीवर जागा पण डोळ्यासमोर आली. पण ते '१०.४०' दिसत होतं.

"नको मॅडम," मी म्हटलं. "ती आली नव्हती."

"आजारपण होतं ना घरात. तुमची छाती..."

"माझी छाती दुखत नव्हती. मी नाटक केलं. ती तुम्हाला भेटवायला मला आणत होती, मला लाज वाटली. म्हणून मी तिला येऊ दिलं नाही."

जाधव खाली बघत होता. मॅडमनी टोपण परत लावलं.

"मग एकोणतीस लिहू?" त्यांनी विचारलं.

"एकोणतीस लिहा. आणि उद्या मला त्या स्टुलावर बसू द्या. तिचा दिवस राहिलाय."

"काका, असं कुठल्या नियमात बसत नाही."

"स्टूल माझ्या मोरीतलं आहे," मी म्हटलं.

घरी येऊन तुझी वही काढली. कोणाला काय सांगायचं ते कळावं म्हणून. रोजचं एक पान लिहिलं होतंस, आजचं काम, आज शिकले ते. अक्षर लावत लावत वाचलं. एका पानावर माझ्या अंगठ्याचं पण होतं, ते मी इथे लिहीत नाही, ते माझं आहे. शेवटी तिसावं पान आलं. वर तारीख. खाली लिहिलं होतंस, 'गैरहजर. कारण, यांना आज मी घरात पाहिजे होते.'

छाती दुखत होती असं लिहिलं नाहीस. खोटं लिहायची नाहीस तू. ओळखलं होतंस. बाम चोळत होतीस तेव्हाही ओळखलं होतंस. आणि मला वड्या खाऊ दिल्यास. एक टोमणा मारला असतास तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. तुझ्याशी भांडून कधी जिंकायला मिळालं नाही, ते असं.

आज बसलो. थर्मास, साडीचा तुकडा, चिठ्ठ्या, डिंकाची बाटली. दहाला पाच कमी असताना गेलो, तुझं नाव खराब व्हायला नको. पहिली आली ती भांडी घासणारी म्हातारी, माझ्याच वयाची. कार्ड माझ्या अंगावर टाकलं.

"मेल्या मशीनला माझा अंगठा दिसतच नाय!"

"बसा बाई. हात द्या."

"तू कोण? डॉक्टर?"

"मी बफिंगवाला."

"ते काय असतं?"

"तुमच्यासारखंच. घासायचं काम."

पाणी जरा जास्तच गरम होतं. "भाजतोस काय रे मला?" म्हणून ती अशी ओरडली की आतून जाधव धावत आला. मग गार पाणी मिसळलं, टिपून घेतलं, एकेक बोट लावलं. उजव्या हाताचं एकही नाही. डावा अंगठा नाही. डावं दुसरं बोट लावलं आणि मशीन पीं झालं. मी टाळी वाजवली, गो. मला कळलंच नाही वाजवली ते. रांगेतली चार माणसं पण वाजवायला लागली. चिठ्ठी लिहायला मला एवढा वेळ लागला की ती म्हणाली, "निबंध लिहितोस काय?" 'डावा हात, दुसरं बोट.' अक्षर तुझ्यासारखं नाही, पण वाचता येतं.

अकरा जणांची बोटं लागली. एकाचं नाही लागलं. त्याच्यासाठी तुझा तो नियमाचा कागद घेऊन मी मॅडमच्या टेबलावर ठेवला. काही बोललो नाही. नुसता ठेवला.

दुपारी जाधवने त्याच्या डब्यातली चपाती दिली. म्हणाला, "मावशी तुमच्याबद्दल लई बोलायच्या." मी घाबरत विचारलं, "काय बोलायची?" "म्हणायच्या, आमच्या ह्यांचे नळ अख्ख्या मुंबईत आहेत. कुठेही हात धुवा." मी चपाती खात राहिलो. मला वाटायचं, माझ्या कामाची तुला लाज वाटते म्हणून तू शिकतेस. बेचाळीस वर्षांत एकदा विचारलं असतं तर कळलं असतं.

साडेपाचला जाधव हजेरीचा तक्ता घेऊन बाहेर आला. "काका, तिसाव्यात सही करता का? तुमची करा, तुमच्या नावाची. राहू दे आठवण."

मी म्हटलं, "नको. ते घर तिचं आहे."

दाखल्यावर एकोणतीसच आलेत. तुझ्या अभ्यासकेंद्राच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, बघू, वर विचारू. विचारू देत. तुझा दाखला खरा आहे, एवढं मी बघितलंय.

निघताना जाधव स्टूल उचलून घेऊन आला, रिक्षापर्यंत आणतो म्हणाला. मी सांगितलं, राहू दे तिथेच, खिडकीच्या बाहेर. उद्या कोणी तरी टेकेल. मला उभ्याने आंघोळ करायची आता सवय झालीय.